संगणकीय स्वरलेखनातील बिंदूचा प्रश्न

भातखंडे-पद्धतीत स्वराक्षरावरील बिंदू तारसप्तकाचा, खालील बिंदू मंद्राचा, तर अधोरेषा कोमलत्वाची द्योतक होय. संगणकावर वरील बिंदूसाठी अनुस्वार व खालच्यासाठी नुक्ता योजण्याची सोय पत्करली, तर छापील पृष्ठ निर्दोष भासते. परंतु यंत्राच्या लेखी तार गंधार हा केवळ सानुस्वार 'गं' ठरतो, आणि स्वरांचा शोध वा तुलना दुष्कर होते. शिवाय मंद्र कोमल निषादाखाली बिंदू, रेषा व मात्रेचा चंद्राकार कंस एकाच जागी दाटी करतात. १९९६ साली आरंभिलेल्या 'लिलीपाँड' या पाश्चात्त्य स्वरलेखन-प्रणालीत स्वराची उंची व कालमान प्रथम अक्षरसंकेतांनी नोंदले जाते. आकृती मागाहून सिद्ध होते. हाच क्रम येथेही ग्राह्य होय. स्वर, सप्तक, विकृती व मात्रा यांची नोंद स्वतंत्र ठेवली, तरच छपाईचे दोष छपाईपुरते राहतील.