विंदालूचं प्रकरण : शब्द, जिन्नस आणि कृती

पोर्तुगीज आणि ब्राझिलियन पदार्थ चाखायचे तर सुरुवात नवीन पनवेलमध्येही करता येते : वडापाव आणि उपासाची खिचडी. पण ‘हे सगळं पोर्तुगीजांनी आणलं’ हे वाक्य तुमच्या प्रबंधात टिकणार नाही. का ते समजायचं असेल, तर लिझी कॉलिंगहॅम यांच्या ‘करी : अ बायोग्राफी’ (२००५) या पुस्तकातलं विंदालूचं प्रकरण वाचा.

प्रकरणाचं बळ कशात आहे? विंदालूचं मूळ म्हणजे ‘कार्न द विन्या दाल्युश’, व्हिनेगर आणि लसणात मुरवलेलं मांस. मदेरा बेटावर आजही ते नाताळात करतात. गोव्यात द्राक्षाचं व्हिनेगर नव्हतं, म्हणून माडीपासूनचं आलं. मग मसाले आणि मिरची. म्हणजे शब्द जुळतो, आंबट-लसणी मुरवण जुळते आणि कृतीही. विंदालूतल्या ‘आलू’चा बटाट्याशी संबंध नाही, हेही यातूनच कळतं. दावा असा तीन बाजूंनी तपासलेला असला की तो पक्का होतो.

आता कमकुवत बाजू. पुस्तकाची रचना जवळपास एक प्रकरण, एक पदार्थ अशी आहे : बिर्याणी मोगलांची, विंदालू पोर्तुगीजांचा. वाचायला छान, पण त्यामुळे प्रत्येक पदार्थाला एकच बाप असतो असं वाटू लागतं. ही रचना तुम्ही उचलू नका.

उदाहरणार्थ, बटाटा. शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, पण ‘बटाटा’ हा मुळात रताळ्याचा शब्द. त्यामुळे शब्द आला म्हणजे त्याच वेळी आजचा बटाटाही आला, असं ठरत नाही.

साबुदाणा तर अजून गमतीचा. शब्दाचं मूळ मलय भाषेतलं ‘सागू’, म्हणजे एका ताडवर्गीय झाडाचा पिठूळ गाभा. आज मात्र आपण खातो तो कसाव्याचा स्टार्च, दाणे बहुतेक तमिळनाडूतल्या सेलम भागातले. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणाही तिकडचाच, मिरची आणि बटाटाही अमेरिका खंडातले. दक्षिण ब्राझीलमध्ये हेच दाणे लाल वाइनमध्ये शिजवून गोड करतात आणि त्या पदार्थाला म्हणतात ‘सागू’! एकच मलय शब्द दोन खंडांत एकाच परक्या कंदाला चिकटला. तरी जिरं-तुपाची फोडणी आणि उपासाचा नियम आपलाच. सांगा, खिचडी कोणाची? प्रश्नच चुकीचा आहे.

ब्राझीलच्या फेजोआदाबद्दलही सांगतात की मालकांनी टाकलेल्या मांसातून गुलामांनी तो घडवला. पण घेवडा आणि डुकराचं मांस एकत्र शिजवायची रीत पोर्तुगालमध्येही आहे. कथा मनाला भिडते म्हणून ती पुरावा होत नाही.

चाखाच : माडीच्या व्हिनेगरचा विंदालू, थरांची बिबिंका, कसाव्याच्या पिठाचा, तव्यावर आपोआप जुळून येणारा ब्राझिलियन ‘तापिओका’. आणि सराव हवा असेल तर रेवदंड्याजवळच्या कोर्लईला जा. पोर्तुगीज सत्ता तिथून १७४० मध्ये गेली, पण तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमिश्रित बोली अजून आहे. कोणताही एक पदार्थ घ्या, वहीत तीन रकाने आखा : शब्द, जिन्नस, कृती. प्रत्येक रकान्यासाठी वेगळा पुरावा शोधा. एखादा रकाना रिकामा राहिला, तर तो रिकामाच ठेवा. तुमचा संशोधन-प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.