स्टेशनसमोरचं इरॉस

मुंबईत चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडलं की समोर इरॉस चित्रपटगृह उभं असतं. घाईत असलेल्या माणसाचीही नजर क्षणभर वर जाते, आणि त्यामागे वास्तुविशारद सोराबजी भेदवार यांची पक्की योजना आहे.

दोन रस्ते जिथे मिळतात तिथली जागा निमुळती, अडचणीची. भेदवारांनी त्या अडचणीलाच इमारतीचा दर्शनी भाग केलं. दोन्ही रस्त्यांच्या कडेने दोन बाजू मागे पसरतात आणि त्या जुळतात तिथे गोल मनोरा टप्प्याटप्प्याने वर चढतो. वरचा प्रत्येक टप्पा खालच्यापेक्षा थोडा आत सरकलेला, त्यामुळे मनोरा आहे त्याहून उंच भासतो. फिक्या मलईरंगी भिंतींवर आग्र्याच्या लाल दगडाचे पट्टे आहेत. नजर या पट्ट्यांवरून धावत कोपऱ्यापर्यंत येते आणि तिथे मनोऱ्याबरोबर वर झेपावते. आडवी धाव आणि उभी झेप यांचा हा मेळ म्हणजे आर्ट डेको शैलीचा प्राण.

आत पांढऱ्या-काळ्या संगमरवराचं दालन, त्यावर बेताची सोनेरी झळाळी, जिन्यांना क्रोमियमचे कठडे. पडदा उजळण्याआधीच आलेल्या माणसाचं आगतस्वागत व्हायचं.

उद्योजक शियावक्स कंबाटा यांनी १९३५ मध्ये या इमारतीची पायाभरणी केली आणि १९३८ मध्ये चित्रपटगृह सुरू झालं. समुद्रात भराव घालून मिळवलेल्या बॅकबेच्या जमिनीवर तेव्हा नवी मुंबापुरी आकार घेत होती. कंबाटांनी एकट्या सिनेमावर भिस्त ठेवली नाही. त्याच इमारतीत दुकानं, कार्यालयं, उपाहारगृह आणलं, म्हणून खेळ नसतानाही तो कोपरा जागता राहिला. ओव्हल मैदानाच्या पलीकडे हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवरचं गॉथिक वैभव, अलीकडे ही आर्ट डेकोची रांग. या दोन्हींना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

मधली काही वर्षं इरॉसचा पडदा बंद होता. २०२४ मध्ये तो पुन्हा उघडला, आयमॅक्सच्या रूपात. बाराशेच्या वर आसनांच्या जागी आता तीनशेच्या आसपास. जुनं भव्य सभागृह गेलं याची हळहळ वाटतेच, पण मनोरा टिकला, कोपरा टिकला आणि त्या दारातून माणसं पुन्हा सिनेमाला जाऊ लागली, याचं मोल मोठं आहे.

पिंपरी-चिंचवडला हे सांगावंसं वाटतं, कारण या शहराला आत्ता कुठे मेट्रोची स्टेशनं मिळताहेत. २०२२ मध्ये पिंपरीहून मेट्रो धावू लागली. तिन्ही पाळ्यांत राबणारं हे कामगारांचं शहर सिनेमा आवडीने पाहतं, पण मॉलच्या वरच्या मजल्यावर, सरकत्या जिन्याने पोचून. रस्त्यावरून त्या पडद्याची चाहूलही लागत नाही. मेट्रोच्या जिन्यावरून उतरणाऱ्या माणसासमोर काय उभं राहणार, हे येत्या काही वर्षांत ठरेल. तिथे जाहिरातींचे फलक आणि काचेच्या भिंतीच उभ्या राहिल्या, तर मोठी संधी हातची जाईल. खाली दुकानं, वर नाट्य-चित्रपटगृह आणि रस्त्याला सामोरा जाणारा देखणा कोपरा: एवढा आग्रह महापालिकेने, वास्तुविशारदांनी आणि आपण नागरिकांनी धरायलाच हवा. दिवसभर यंत्रापाशी उभं राहिलेल्या माणसाला त्याच्या शहराने इतकं देखणं काही देणं लागतं.