भिंत आणि श्रवण : खुल्या वर्गरचनेचा भाषिक विचार

माध्यमिक शाळेची इमारत कशी असावी, या प्रश्नाची चर्चा बहुधा स्वातंत्र्य विरुद्ध शिस्त या द्वंद्वात अडकून पडते. भिंत म्हणजे बंधन आणि मोकळे दालन म्हणजे मुक्ती, हे समीकरण आकर्षक असले तरी अपुरे आहे. वर्ग ही प्रथमतः ऐकण्याची जागा होय. या कसोटीवर खुल्या रचनेची परीक्षा क्वचितच केली जाते.

इंग्लंडातील फिनमिअर या खेड्यात डेव्हिड व मेरी मेड या वास्तुशिल्पज्ञांनी १९५९ मध्ये उभारलेली शाळा हा या विचाराचा आरंभीचा नमुना. ती अवघ्या पन्नासएक मुलांची प्राथमिक शाळा होती आणि तिच्यात सरकत्या आडभिंतींची सोय होती. पुढे अमेरिकेत हीच कल्पना मोठ्या शाळांत नेण्यात आली, तेव्हा गोंगाटामुळे अनेक ठिकाणी पुन्हा भिंती घालाव्या लागल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कुरणशाळेचा दाखला कोणी देईल. परंतु तो येथे लागू पडत नाही. गुरे राखणाऱ्या मुलांपाशी शाळाच चालत गेली. तेथे भिंत नव्हती, तसाच शेजारचा वर्गही नव्हता. खुल्या दालनातील अडचण भिंतीच्या अभावाची नसून एका छताखाली मिसळणाऱ्या अनेक आवाजांची आहे.

गोंडपिपरीसारख्या तालुक्यात हा भेद निर्णायक ठरतो. तेलंगणाच्या सीमेलगतच्या या वनप्रदेशात मराठीबरोबर गोंडी व तेलुगू याही घरच्या भाषा आहेत. या दोन्ही द्राविडी भाषांच्या मूळ शब्दसंपत्तीत महाप्राण व्यंजनांना सामान्यतः स्थान नाही. मराठीत मात्र ‘ताट’ व ‘थाट’, ‘कडा’ व ‘खडा’ यांतील अर्थभेद केवळ महाप्राणत्वावर उभा आहे. गोंगाटात स्वर टिकतात. व्यंजनांचे असे सूक्ष्म भेद आधी लोपतात. मातृभाषक विद्यार्थी हरवलेला ध्वनी संदर्भाने भरून काढतो. दुसरी भाषा ऐकणाऱ्यास ते तितके साधत नाही. म्हणजे ज्या दालनात मराठीभाषक मूल थोडे गमावते, तेथेच गोंडीभाषक मूल अधिक गमावते, आणि त्याचे मौन बुद्धिमांद्याचे लक्षण समजले जाण्याचा धोका उरतो.

तथापि बंद खोली आपोआप सुश्राव्य होत नाही. अमेरिकेच्या २००२ च्या मानकाने लहान वर्गासाठी पार्श्वध्वनी ३५ डेसिबल व अनुरणनकाल ०.६ सेकंद अशी कमाल मर्यादा घातली आहे. पत्र्याच्या छपरावर मुसळधार पाऊस कोसळू लागला की चार भिंतींच्या आतही शिक्षकाचा शब्द पोहोचत नाही. भिंतीचा कैवार घेणाऱ्यांनी छपराचा विचार टाळणे म्हणूनच युक्त नव्हे.

गटकार्य, प्रयोग, स्वयंवाचन यांसाठी मोकळ्या जागेचे महत्त्व निर्विवाद आहे. ते प्रशस्त व्हरांड्याने व अंगणाने साधू शकते. अध्यापनासाठी मात्र प्रत्येक तुकडीस स्वतंत्र, ध्वनिशोषक छताची खोली हवी. मुलाला काय ऐकू येते हे निश्चित झाल्यावाचून ते काय शिकले याचे मूल्यमापन न्याय्य ठरत नाही.