वऱ्हाडच्या भरभराटीचे दोन इतिहास व न वाचलेल्या वह्या

इ. स. १८७० हें साल वऱ्हाडच्या इतिहासांत दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या सालीं जलंब ते खामगांव हा सुमारें ८ मैलांचा आगगाडीचा फांटा गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खुला झाला. आणि त्याच सालीं आल्फ्रेड लायल यांनीं संपादिलेलें वऱ्हाडचें ग्याझेटियर मुंबईस छापून निघालें. (खामगांव तेव्हां अकोला जिल्ह्यांत मोडत असे, तें आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत आलें १९०५ सालीं.) फांटा व ग्रंथ हीं दोन्ही एकाच विश्वासाचीं अपत्यें होत : कापूस बंदरास पोंचला म्हणजे मुलूख संपन्न झाला. पुढें सव्वाशें वर्षांनीं, १९९७ सालीं, लक्ष्मण सत्या यांचा 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' हा ग्रंथ दिल्लीस प्रसिद्ध झाला व त्यानें त्याच काळाबद्दल जवळजवळ उलटा निवाडा दिला. हे दोन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचावे, दोहोंस एकच कसोटी लावावी, आणि शेवटीं आमच्या मंडळींच्या पदरीं येणारा दोषही सांगावा, इतकाच या लेखाचा हेतु आहे.

कसोटी आम्हीं आपल्याच शास्त्रांतून घेतों. कौटिल्यानें 'वार्ता' या विद्येचीं तीन अंगें सांगितलीं : कृषि, पशुपालन व वाणिज्य. जुन्या टीकाकारांनीं 'योगक्षेम' या शब्दाची फोड करितांना जें नाहीं तें मिळविणें यास योग व जें आहे तें राखणें यास क्षेम म्हटलें. कोणत्याही मुलखाची भरभराट सांगणाऱ्यास म्हणून दोन प्रश्न विचारणें रास्त आहे. वार्तेच्या तिन्ही अंगांचा हिशेब दिला काय? आणि योगाबरोबर क्षेमही मोजला काय?

लायल यांचें ग्याझेटियर या कसोटीस अर्धेंच उतरतें. त्याची थोरवी आम्हीं नाकारीत नाहीं. १८५३ च्या तहानें हा मुलूख निजामाकडून इंग्रजी कारभाराखालीं आला त्यास अवघीं सतरा वर्षें झालीं होतीं. इतक्या अल्पावधींत जमीन, जाति, वतनें, देवस्थानें व बाजार यांची इतकी माहिती एकत्र करणें हें सामान्य काम नव्हे. आजही वऱ्हाडाविषयीं लिहिणाऱ्यास तेथूनच आरंभ करावा लागतो. परंतु त्याचा डोळा वाणिज्याकडे लागलेला आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या वर्षांत वऱ्हाडच्या कापसास अपूर्व भाव आला, १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली, आणि गठाणींची संख्या हेंच सुखाचें माप ठरलें.

या मापांतून काय निसटलें तें सरकारी ग्याझेटियरांतच सांपडतें. खामगांवच्या पेठेचा आरंभ सुमारें १८२० सालीं झाला, तो तूप, सूत व थोडासा कापूस यांच्या व्यापारानें. या तीन जिनसांचा क्रम विचार करण्याजोगा आहे. तूप हें पशुपालनाचें फळ. सूत हें घरोघरच्या बायकांच्या हातांचें फळ. कापूस हा कच्चा माल. पन्नास वर्षांत पहिले दोन मागें पडले व तिसरा सर्वस्व झाला. सरकी काढण्याचें घरगुती काम कारखान्यांत गेलें. पाठाळ बैलांचे तांडे घेऊन कापूस मिर्झापुरापर्यंत नेणाऱ्या व परततांना मीठ-धान्य आणणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा आगगाडीनें बुडाला. ज्वारीच्या जागीं कापूस आला तेथें कडबाही गेला, कारण पऱ्हाटी चुलींत जळते, परंतु गुरांचें पोट भरीत नाहीं. योग वाढला खरा. क्षेम कोणाच्या वहींत लिहिलें गेलें?

याचें उत्तर १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं दिलें. १८९१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडची वस्ती सुमारें २९ लाख होती. १९०१ सालीं ती साडेसत्तावीस लाखांवर आली. ज्या प्रांताची ख्याति हिंदुस्थानांतील अत्यंत सधन कापूसप्रांत म्हणून होती, त्याचीच माणसें दहा वर्षांत कमी झालीं.

सत्या यांच्या ग्रंथाचें मोल येथें आहे. कापसाची वाढ व दुष्काळ या दोन निरनिराळ्या गोष्टी नसून एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू होत, हें त्यांनीं सप्रमाण मांडलें. कापसाखालील जमीन वाढली, चराऊ राने आटलीं, विहिरी-तलावांकडे दुर्लक्ष झालें, विणकर व सूत काढणारे निराधार झाले, कास्तकार सावकाराच्या खात्यांत अडकला. आणि दुष्काळाच्या सालींही प्रांतांतून कापूस व धान्य बाहेर जातच राहिलें. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाबद्दल जें दाखविलें, कीं माणूस मरतो तो बाजारांत धान्य नाहीं म्हणूनच असें नव्हे, तें विकत घेण्याची ऐपत गेली म्हणूनही मरतो, त्याचें वऱ्हाडांतील उदाहरण या ग्रंथांत मिळतें. पशुपालनाचें अंगही त्यांनीं सोडलें नाहीं. २००४ सालीं मध्य हिंदुस्थानांतील गुराढोरांवर त्यांनीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

तथापि या ग्रंथाविषयीं आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा कीं, इंग्रजी अंमलापूर्वीचें वऱ्हाड त्यांत जरा अधिक उजळ दिसतें. निजाम व नागपूरकर भोसले या दोन सत्तांच्या दोअमलींत एकाच रयतेकडून दोन हातांनीं वसूल होत असे. १८०३ च्या लढाया व त्यांच्या पाठोपाठचा दुष्काळ यांनीं मुलूख उजाड झाला. पुढें निजामाच्या कारकीर्दींत वसूल मक्त्यानें सावकारांकडे गेला. कापूस मुंबईस नेण्याचा पहिला मोठा उद्योग विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनीं १८२५ च्या सुमारासच केला होता. तेव्हां विषाचें बीं सगळेंच १८५३ नंतर पेरलें गेलें असें म्हणवत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. ग्रंथाचा मुख्य पाया इंग्रजी सरकारी दप्तर हा आहे. लायल यांनीं ज्या कागदांवरून भरभराट वाचली, बहुतांशीं त्याच जातीच्या कागदांवरून सत्या यांनीं दैन्य वाचलें. साहेबाच्या साक्षीनेंच साहेबास दोषी ठरविणें हें वकिलास शोभतें. परंतु ज्याचें घर बुडालें त्याची जबानी त्यांत येत नाहीं. १८९७ सालचा वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा हें उदाहरण घ्या. बाजाराच्या नियमनाचा हिंदुस्थानांतील हा अगदीं आरंभींचा कायदा; पण बाजारसमितींत मुख्यतः व्यापारी व नगरपालिकेचे प्रतिनिधि असत. कायदा सरकारी दप्तरांत मिळतो. त्या बाजारांत गाडी घेऊन उभा राहिलेला कास्तकार काय घेऊन घरीं परतला, तें मिळत नाहीं.

तें कोठें मिळेल? येथें आम्हांस आपलाच अपराध कबूल करणें भाग आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं मेहकरच्या बाजूस एका जुन्या वाड्यांत आम्हीं कागद पाहण्यास गेलों होतों. घरधन्यांनीं माळ्यावरून दोन रुमाल व अकरा वह्या खालीं आणविल्या. रुमालांत दोन सनदा व कांहीं पत्रें होतीं. त्यांच्या नकला आम्हीं हर्षानें उतरून घेतल्या. वह्या मोडींत होत्या; त्यांतील एक दुपारच्या विश्रांतींत सहज चाळली. धान्य कर्जाऊ नेल्याच्या वाढीदिढीच्या नोंदी, शेतांत उभ्या असलेल्या कापसाचा आगाऊ ठरविलेला भाव, बैल गहाण, पुढें त्याच नांवाखालीं शेत गहाण, आणि पुढें तें नांवच नाहीं. 'कोरडा हिशेब आहे,' असें म्हणून आम्हीं ती मिटली. बारा वर्षांनीं पुन्हां गेलों तेव्हां सनदा कांचेच्या चौकटींत होत्या व वह्या रद्दींत वजनावर गेल्या होत्या. घरधन्यांस बोल कसा लावावा? कोणता कागद जपावा हें त्यांस आम्हींच आपल्या वागण्यानें शिकविलें होतें.

आमच्या संशोधनाचा ओघ आजवर सनद, तह, कैफियत व लढाई यांकडे राहिला. राजवाडे यांच्या पिढीनें गांवोगांव फिरून दप्तरें वांचविलीं. यादव माधव काळे यांनीं १९२४ सालीं 'वऱ्हाडचा इतिहास' लिहून आम्हां वैदर्भीयांस ऋणी करून ठेविलें. त्या पायावर पुढची भिंत मात्र आम्हीं चढविली नाहीं. सिंदखेडच्या जाधवांची वंशावळ आम्हांस मुखोद्गत आहे. सिंदखेडच्या विणकराचें काय झालें हें आम्हांस सांगतां येत नाहीं.

हा केवळ जुन्या काळाचा वाद नव्हे. १९८४ सालीं दांडेकर समितीनें महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांचा अनुशेष आंकड्यांत मांडला. २००६ सालीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरून विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांस केंद्र सरकारनें ३,७५० कोटींची योजना दिली, त्यांत बुलढाणा होता. डिसेंबर २०२२ मध्यें समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. तो आमच्या मेहकर व सिंदखेड राजा या तालुक्यांतून जातो. कापसाच्या पुष्कळ जमिनींत आतां सोयाबीन उभें असतें. रस्ता होऊं नये असें आम्हीं म्हणत नाहीं. १८७० चा फांटाही होऊं नये असें कोण म्हणेल? प्रश्न इतकाच, कीं माल वाहून नेणारी वाट झाली म्हणजे वाटेकांठच्या माणसाचा क्षेम आपोआप होतो काय? १८७० च्या ग्रंथकारानें होतो असें गृहीत धरलें, व तीस वर्षांत दुष्काळानें तें गृहीत खोडलें. तीच चूक पुन्हां होऊं नये यासाठीं पहिल्या वेळीं घरोघर काय घडलें तें कळलें पाहिजे.

म्हणून हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या सुज्ञ मित्रांस आमची विनंति आहे. सनदेबरोबर वहीही उचला. सावकाराची खतावणी, अडत्याचें रोजकीर्द, पाटील-पांड्यांचे जमाबंदीचे कागद, बलुत्याच्या याद्या, गहाणखतें, जिनिंगच्या पावत्या, यांतील कांहींही फाटकें म्हणून टाकूं नका. वही कोणत्या गांवची, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची, एवढें तरी वेष्टनावर लिहून ठेवा. मोडी वाचणारे आज थोडे आहेत, म्हणून न वाचतां कांहीं निरुपयोगी ठरवूं नका. कर्जदारांच्या वंशजांस संकोच वाटेल तेथें नांवें छापूं नयेत. आंकडे पुरे आहेत.

लायल व सत्या यांच्यांतील वादाचा निकाल मुंबईच्या वा लंडनच्या दप्तरांत लागेल असें आम्हांस वाटत नाहीं. तो आमच्याच माळ्यांवर, वाळवीच्या वाट्यास गेलेल्या पानांत आहे. त्यांतील अकरा वह्या आमच्या अज्ञानानें गेल्या. बाराव्या वहीचा पत्ता कोणा वाचकास असल्यास त्यानें तो कळवावा. आम्हीं स्वतः येऊन ती उतरून घेऊं.