शिकस्त : 'माझी मैना' पुन्हा ऐकताना

मागच्या ईदच्या दुसऱ्या दिवशी उमेळ्याला आमच्या घरी आठ-दहा माणसे जमली होती. शीरखुर्मा झाला, चहा झाला आणि कुणीतरी टूम काढली की प्रत्येकाने गावाकडचे एक आवडते जुने गाणे सांगायचे, आणि ते ऐकले की काय आठवते तेही सांगायचे. जळगावकडच्या सहकारी बाईंना हळदीचे गाणे आठवले, कोकणातल्या मित्राला भातलावणीचे. शेजारचे चाचा मूळ बार्शी तालुक्यातले. १९६५ साली विशीत मुंबईला येऊन गिरणीत लागले, १९८२ च्या संपात गिरणी सुटली, पुढे वसईकडे सरकले. त्यांनी 'माझी मैना' म्हटले. निम्मे म्हटले आणि टोपीच्या काठाने डोळे पुसून थांबले. "पुढचं सभेचं आहे," म्हणाले.

हे निम्म्यावर थांबणे आम्हाला तेव्हापासून स्वस्थ बसू देत नाही.

गाणे अण्णाभाऊ साठ्यांचे. स्वतः अण्णाभाऊ लहानपणी वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेले, त्यामुळे गाव सोडणे त्यांना कुणी सांगायला नको होते. ते महाराष्ट्रभर गेले शाहीर अमर शेखांच्या पहाडी आवाजावर. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. दोघांनी गवाणकरांसह १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, आणि दोघेही १९६९ साली दीड महिन्याच्या अंतराने गेले. चाचांनी अमर शेखांना गिरणगावातल्या एका मैदानात ऐकले होते. त्या आवाजापुढे भोंगा फिका, असे ते सांगतात.

आता गाण्याकडे येऊ. प्रकार छक्कड. गरिबीने नवरा-बायकोची ताटातूट होते. भल्या पहाटे भाकरी बांधून तो निघतो, ती वेशीपर्यंत घालवायला येते आणि कोमेजते. तिला हसवण्यासाठी तो जे करतो, तिथे कवीने 'शिकस्त' हा शब्द ठेवला आहे. मराठीत शिकस्त म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा. उर्दूत शिकस्त म्हणजे हार. आमच्या उर्दू शाळेत मराठीच्या तासाला एका मुलाने 'शिकस्त केली' याचा अर्थ 'हरला' असा लिहिला होता आणि आम्ही तांबड्या शाईने काट मारली होती. गाणे पुन्हा ऐकताना वाटते, पोराला निदान अर्धा गुण द्यायला हवा होता. नवरा शर्थ करतो आणि हरतो. दोन्ही भाषांचे अर्थ त्या एका जागी खरे ठरतात.

लगेच पुढे 'खैरात' येते. खैरात पत्रांची आणि वचनांची. ज्याच्या फडक्यात भाकरीपलीकडे काही नाही तो दानधर्म करतो आहे! यातला विनोद उर्दू जाणणाऱ्याच्या कानाला जरा जास्तच टोचतो.

मग दागिन्यांची प्रसिद्ध यादी. तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नथ. ऑर्केस्ट्रात हे गाणे ऐकले तेव्हा ही यादी अशा ठेक्यात आली की मैना नखशिखांत नटून समोर उभी आहे असे वाटावे. टाळ्याही तिथेच पडल्या. पण त्यातला एकही दागिना तिच्या अंगावर नाही. सगळा बोलीचा माल आहे. ही यादी ठसक्यात गायची की दबक्या आवाजात, यावर गाण्याचा अर्थ ठरतो. चाचा ती खाली मान घालून म्हणतात, आणि आमच्या मते तीच बरोबर रीत.

चाचा जिथे थांबले तिथून गाणे मुंबईत शिरते, बेकारांच्या गर्दीत येते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला भिडते. जी गत माझी, तीच या महाराष्ट्राची, असा तो सांधा आहे. उत्तरार्ध हा प्रचाराचा जोड आहे, गाणे खरे विरहाचेच, असे पुष्कळ रसिक मानतात. आम्हीही मानत होतो. पण उत्तरार्धातही एक यादी आहे. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. ती पहिल्या यादीला लावून ऐकावी. वर न मिळालेले दागिने, खाली न मिळालेली गावे. एकीकडे नवऱ्याने बायकोला दिलेले वचन, दुसरीकडे राज्यकर्त्यांकडे मागितलेला हक्क. पहिली यादी कापली तर दुसरी नुसती घोषणा उरते, दुसरी कापली तर पहिली नुसता शृंगार.

आणि उंबरगाव आम्हा वसईकरांना काही परके नाही. १९६० पर्यंत तो तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. आपल्याच रेल्वेमार्गावर डहाणू, घोलवड मागे टाकले की त्याचे स्टेशन लागते. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, उंबरगाव आणि डांग गुजरातेत गेले. बेळगाव-कारवार आजही कर्नाटकात. म्हणजे गाण्यातली दुसरी यादीसुद्धा बोलीतच राहिली. शाहिराला हे लिहिताना ठाऊक असणे शक्य नव्हते. काळाने गाण्याची दोन टोके आणखी जवळ आणून ठेवली.

एक उणीव मात्र दाखवलीच पाहिजे. या गाण्यात मैना बोलत नाही. ती कोमेजते, आठवते, मागे राहते. तिच्या काळजातली घालमेलसुद्धा आपल्याला नवऱ्याच्या तोंडून कळते. जात्यावरच्या ओवीत बाई स्वतः बोलते, नवऱ्याला दोन शब्द सुनावतेही. ते बळ या छक्कडीत आले नाही.

हे आम्ही त्या दिवशी बैठकीत बोलून दाखवले. चाची इतका वेळ दाराशी पान लावत बसल्या होत्या. लग्नानंतर अकरा वर्षे त्या गावीच होत्या, चाचा मुंबईत. आमचे शिकस्त-खैरात पुराण त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तोडे जाने दो सर, ग्यारा साल में खत कित्ते आए, वो पूछो इनको."

चाचा हसले. पत्र लिहिता कुठे येत होते, म्हणाले. मनीऑर्डर मात्र महिन्याची चुकवली नाही.

चाचींनी मान हलवली. मनीऑर्डरच्या कुपनावर पोस्टातला बाबू चाचांच्या वतीने दोन ओळी लिहायचा, तो मजकूर दर महिन्याला तोच असायचा. चाची ती कुपने पिठाच्या डब्यामागे ठेवीत. एका पावसाळ्यात भिंत ओली झाली आणि सगळ्यांचा लगदा झाला. त्यात काय लिहिलेले असायचे, असे आम्ही विचारले. दोघांनी ते एकाच वेळी, एकाच सुरात म्हणून दाखवले.