खानेसुमारीचे कागद आणि हरवलेले पूर्वज : आयर्लंडच्या साधनांची चिकित्सा

वंशेतिहासाच्या अभ्यासकाला खानेसुमारीचे कागद हे विशेष विश्वासार्ह साधन वाटत आले आहे. बखरकाराला धनी असतो, कुलवृत्तान्तकाराला घराण्याचा अभिमान असतो; परंतु गणनेच्या तक्त्यात नाव, वय, धंदा आणि जन्मस्थान यांची नोंद करणाऱ्याला त्या माणसाशी काही कर्तव्य नसते, सबब त्याची नोंद निःपक्षपाती मानावी, असे हे अनुमान आहे. या अनुमानाची तपासणी करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय. त्यासाठी आयर्लंडचे उदाहरण घेतले आहे. कारण त्या देशात पूर्वज हरवण्याचे निमित्तही मोठे आणि त्यांचा माग लागावयाचे कागदही मोठ्या प्रमाणावर नष्ट झालेले आहेत.

१८४१ च्या गणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार भरली. १८५१ मध्ये ती ६५ लाख ५२ हजारांवर आली. मधल्या काळात, १८४५ पासून, बटाट्याचे पीक रोगाने बुडून दुष्काळ पडला. त्यात सुमारे १० लाख माणसे मेली आणि त्याहून कमी नाहीत इतकी देश सोडून गेली. देशांतराचा ओघ पुढेही चालूच राहिल्याने १९११ मध्ये लोकसंख्या केवळ ४३ लाख ९० हजार उरली. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथे वाढलेल्या आयरिश वंशजांच्या दृष्टीने १८४१ आणि १८५१ ही दोन वर्षे म्हणजे दरीचे दोन काठ होत. पहिल्या काठावर असलेले आणि दुसऱ्यावर न दिसणारे कोण, हाच त्यांचा मुख्य प्रश्न आहे.

दुर्दैवाने नेमके तेच कागद आज उपलब्ध नाहीत. १८२१ ते १८५१ या चार गणनांची मूळ पत्रके डब्लिनच्या फोर कोर्ट्स येथील अभिलेखागारात होती. जून १९२२ मध्ये यादवी युद्धाच्या प्रारंभी ती इमारत उद्ध्वस्त झाली आणि पत्रकेही जळाली. १८२१ ची कॅव्हन परगण्यातील, १८५१ ची अँट्रिममधील, असे काही तुकडे तेवढे शिल्लक राहिले. तथापि सर्व दोष त्या आगीवर टाकणे युक्त नाही. १८६१ आणि १८७१ ची पत्रके गणनेनंतर लवकरच सरकारनेच नष्ट केली होती. १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेली. म्हणजे शत्रूच्या तोफेइतकाच कार्यालयाचा व्यवहारही या लोपाला कारण झाला. आकडे छापून झाले की नावांचे प्रयोजन संपते, ही राज्यकर्त्याची दृष्टी येथे स्पष्ट दिसते. संपूर्ण देशाची अशी पत्रके आज १९०१ व १९११ या दोनच गणनांची आहेत.

परंतु १८५१ ची पत्रके जळाली नसती, तर हरवलेले सर्व सापडले असते काय? त्या पत्रकात हजर माणसांखेरीज कुटुंबातील गैरहजर माणसे आणि १८४१ नंतर मृत झालेली माणसे यांच्यासाठीही रकाने होते. या माहितीवरून डॉ. विल्यम वाइल्ड यांनी मृत्यूंचे कोष्टक तयार केले. योजना उत्तम होती, पण तिच्यात एक मूलगामी उणीव होती. मृताचे नाव सांगावयाला घरात कोणीतरी जिवंत असावे लागे. जे घर समूळ उठले, किंवा ज्यातील उरलेसुरले लोक जहाजावर चढून निघून गेले, त्या घरच्या मृतांची नोंद करणार कोण? दुष्काळाचा आघात जेथे अत्यंत तीव्र, तेथेच ही नोंद अत्यंत अपुरी. एवंच, खानेसुमारीत हरवलेला माणूस मागे उरलेल्याच्या तोंडूनच बोलतो. मागे कोणी न उरल्यास तो निःशब्द राहतो.

नष्ट झालेल्या पत्रकांतील काही मजकूर मात्र अनपेक्षित मार्गाने वाचला आहे. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना १ जानेवारी १९०९ पासून निवृत्तिवेतन मिळू लागले. आयर्लंडात सार्वत्रिक जन्मनोंद १८६४ पासूनची. सबब अर्जदाराच्या वयाचा पुरावा म्हणून त्याचे नाव १८४१ किंवा १८५१ च्या पत्रकात आहे काय, याचा शोध घेतला जाई. अर्जदाराने आईबापांची नावे व गाव कळवावयाचे आणि कारकुनाने उत्तर लिहावयाचे, अशी ही शोधपत्रे डब्लिन व बेलफास्ट येथील अभिलेखागारांत आजही पाहावयास मिळतात. एका म्हातारीच्या पाच शिलिंगांसाठी घेतलेल्या शोधातून तिच्या भावंडांची नावे टिकून राहिली, हा लाभ थोडा नव्हे. पण येथेही तीच मर्यादा आहे. १९०९ पर्यंत जगलेल्या, स्वदेशी राहिलेल्या आणि अर्ज करण्याइतक्या गरीब माणसांच्याच घरांचा हा संग्रह आहे.

याच निवृत्तिवेतनाने उपलब्ध पत्रकांतील वयेही संशयास्पद केली आहेत. १९०१ आणि १९११ ची पत्रके शेजारी ठेवली असता अनेक माणसे दहा वर्षांत पंधरा-वीस वर्षांनी म्हातारी झालेली आढळतात. काही अभ्यासक याला सरळ लबाडी म्हणतात. हा निर्णय घाईचा वाटतो. ज्यांची जन्मनोंदच नाही, त्यांनी १९०१ मध्ये सांगितलेले वयही अंदाजाचेच होते. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडात भयंकर वादळ झाले होते, आणि ते आठवते असे सांगणे हा वयाचा पुरावा समजला जाई. आपल्याकडेही ‘अमक्या दुष्काळात जन्म’ अशीच वये सांगितली जात. म्हणून दोहोंपैकी कोणते वय खरे, हे विचारण्यापूर्वी प्रत्येक वय कोणत्या गरजेपोटी सांगितले गेले, हे विचारणे प्राप्त आहे.

नावांविषयीही असाच सावधपणा हवा. १९११ मध्ये भाषाभिमानी कुटुंबांपैकी काहींनी पत्रक आयरिशमध्ये भरले. त्यामुळे १९०१ चा इंग्रजी नावाचा गृहस्थ दहा वर्षांनी भलत्याच अक्षरांखाली सापडतो. मॅगॉवन या आडनावात लोहाराचा वाचक शब्द असल्याने काही घराण्यांनी त्याचे भाषांतर करून स्मिथ हे नाव धारण केले होते. वेड्यांच्या इस्पितळांत आणि तुरुंगांत तर केवळ आद्याक्षरे लिहिली गेली. घरोघर जाऊन पत्रके गोळा करणारा पोलीस शिपाईही, बराकीत राहत असल्यास, आद्याक्षरांपुरताच उरला आहे.

यावरून अभ्यासकाला एक पद्धती सुचते. पत्रकात नाव न सापडणे ही एकच गोष्ट नसून तिचे निदान चार प्रकार आहेत : कागद नष्ट झाला; कागद आहे, पण माणसाची नोंदच झाली नाही; नोंद आहे, पण अन्य नावाने वा खुणेने; आणि माणूसच अन्यत्र गेला. हा विवेक न करता ‘पुरावा नाही, म्हणून माणूस नव्हता’ असे म्हणणे जितके सदोष, तितकेच नावसाधर्म्यावरून कोणालाही आपला पणजोबा ठरविणेही सदोष होय.

मराठी संशोधकाची स्थिती याहून बिकट आहे. मुंबई इलाख्यातील १८७२ आणि १८८१ या गणनांच्या मध्ये १८७६-७८ चा दुष्काळ येतो; सोलापूर व कलादगी या जिल्ह्यांची लोकसंख्या त्या अवधीत घटलेली दिसते. आकडे छापलेले आहेत. पण घरोघरची पत्रके कोष्टके झाल्यावर जतन करण्याची पद्धत नव्हती. आजच्या गणनेतील वैयक्तिक नोंदीही १९४८ च्या कायद्यान्वये पाहावयास खुल्या नाहीत. तेव्हा नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि कुलवृत्तान्त यांवरच भिस्त ठेवावी लागते. वहीत यात्रेचा खर्च झेपणारे येतात; वंशावळीत पुत्रवान शाखा वाढतात, निर्वंश शाखा एका शब्दात संपतात आणि लेकींची संतती बहुधा गाळली जाते. दुष्काळात गाव सोडून गेलेला भूमिहीन मजूर या दोहोंतही नाही. छापील कोष्टकातील घटीचा आकडा हीच बहुधा त्याची एकमेव नोंद असते. त्या आकड्याला नाव देता येत नसले, तरी वंशेतिहास लिहिणाऱ्याने तो आकडा आपल्या वंशावळीशेजारी ठेवणे अवश्य आहे. एरवी उरलेल्यांचा इतिहास सर्वांचा इतिहास म्हणून वाचला जाण्याचा दोष घडेल.