'ओतो' : मोरी ओगाई यांच्या ज्येष्ठ पुत्राच्या नावाचा अर्थ, इतिहास आणि दुर्मिळता

प्रास्ताविक

आधुनिक जपानी साहित्याच्या इतिहासात नात्सुमे सोसेकी यांच्या बरोबरीने ज्यांचे नाव घेतले जाते ते मोरी ओगाई (१८६२-१९२२) कथाकार, अनुवादक, समीक्षक आणि लष्करी वैद्यक अशा विविध नात्यांनी परिचित आहेत. त्यांच्या साहित्याबरोबरच त्यांच्या मुलांच्या नावांचीही चर्चा सातत्याने होत आली आहे. ओतो, मारी, फुरित्सु, आन्नु आणि रुई ही ती पाच नावे होत. ही नावे कानाला अनुक्रमे ओटो, मारी, फ्रिट्झ, आन आणि लुई या युरोपीय नावांसारखी लागतात. १८८४ ते १८८८ या काळात ओगाई जर्मनीत आरोग्यशास्त्राच्या अभ्यासासाठी राहिले. 'रिंतारो' हे त्यांचे स्वतःचे नाव तेथील लोकांना उच्चारणे अवघड जात असे. म्हणून मुलांना परदेशातही सहज उच्चारता येतील अशी नावे त्यांनी दिली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते.

अलीकडच्या काळात जपानमध्ये 'किराकिरा' म्हणजे 'चमचमत्या' नावांविषयी बरीच चर्चा झाली. चिनी चिन्हांना मनाजोगा, बहुधा परदेशी उच्चार चिकटवून ठेवलेल्या या नावांचे आद्य प्रवर्तक म्हणून ओगाईंकडे बोट दाखवले जाते. हे मत आकर्षक असले तरी ते कितपत टिकते, याची तपासणी प्रस्तुत लेखात 'ओतो' या पहिल्या आणि सर्वांत दुर्मिळ नावाच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे.

नावाचा अर्थ : छू देशातील वाघीण

'ओतो' हे नाव दोन चिनी चिन्हांनी लिहिले जाते. पहिल्या चिन्हापासून जपानी हिरागाना लिपीतील 'ओ' हे अक्षर तयार झाले. दुसऱ्या चिन्हात 'ससा' या अर्थाचे चिन्ह गवताच्या खुणेखाली बसलेले दिसते. चिन्हांचे सुटे सुटे अर्थ लावू पाहणाऱ्या वाचकाच्या हाती यातून काहीच लागत नाही; कारण ही दोन चिन्हे मिळून एकच शब्द होतो आणि त्याचा अर्थ आहे 'वाघ'.

या अर्थाचा उगम 'त्स्वो च्वान' या प्राचीन चिनी इतिहासग्रंथात आहे. इसवी सनपूर्व ६०५ या वर्षाच्या नोंदीत एक जुनी कथा सांगितली आहे. छू राज्यातील एका सरदारपुत्राचे युन देशाच्या अधिपतीच्या कन्येशी विवाहबाह्य संबंध होते. त्यातून जन्मलेले बाळ दलदलीच्या प्रदेशात टाकून देण्यात आले. शिकारीला गेलेल्या अधिपतीला एक वाघीण त्या बाळाला दूध पाजताना दिसली. भयचकित होऊन तो परतला आणि मग मुलाला घरी आणण्यात आले. छू लोकांच्या बोलीत वाघाला 'वूथू' म्हणत. म्हणून मुलाच्या नावात 'दूध पाजणे' आणि 'वाघ' हे दोन्ही शब्द आले. हा मुलगा पुढे त्झवन या नावाने छूचा मुख्य मंत्री झाला आणि कन्फ्यूशियसच्या संवादांमध्येही त्याचा उल्लेख आला.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावी लागते. 'वूथू' हा मध्य चीनच्या भाषेतील शब्द नव्हता. ग्रंथकाराने परक्या बोलीतील उच्चार जवळच्या ध्वनीच्या चिन्हांत टिपून ठेवला आणि त्याचा अर्थ वेगळा सांगितला. म्हणजे परका ध्वनी चिनी चिन्हांत बसवण्याची जी क्रिया ओगाईंनी केली असे मानले जाते, ती या शब्दाच्या बाबतीत दोन सहस्रकांहून अधिक काळापूर्वीच घडून गेली होती.

हा योगायोग एकटा नाही. बालपणीच १९०८ साली वारलेल्या 'फुरित्सु' या मुलाचे नाव ज्या दोन चिन्हांनी लिहिले जाते, ती 'अर्या' या प्राचीन चिनी शब्दकोशात 'लेखणीचा कुंचला' या अर्थाने नोंदलेली आहेत. आणि 'श्वोवन' हा दुसरा कोश तो वू प्रदेशातील शब्द असल्याचे सांगतो. 'मारी' म्हणजे मोगऱ्याच्या जातीचे फूल. चिनी भाषेतील हा शब्द संस्कृत 'मल्लिका' या शब्दापासून आला असे मानले जाते. मराठी वाचकाला तो अर्थातच परका नाही. वाघ, कुंचला आणि मल्लिका हे तिन्ही शब्द चिनी लेखनपरंपरेत बाहेरून आलेले आणि तेथे स्थिरावलेले आहेत. युरोपीय ध्वनी शोधणाऱ्या ओगाईंना तो सापडला, तोही अशाच, पूर्वी एकदा स्थलांतर करून आलेल्या शब्दांत.

नावाची परंपरा : प्रत्ययाचा लोप

ओतो यांचा जन्म १८९० सालचा. बारा प्राण्यांच्या वर्षचक्रानुसार हे वर्ष वाघाचे होते. त्यामुळे वाघाचे नाव ठेवणे हे जपानी रूढीला धरूनच होते. इतकेच नव्हे, तर हीच दोन चिन्हे त्या काळच्या दुसऱ्या एका लेखकाच्या नावातही आढळतात. लोकप्रिय कादंबरीकार मिकामी ओतोकिची (१८९१-१९४४) यांचे नाव याच चिन्हांना 'किची' म्हणजे 'शुभ' हा रूढ पुरुषवाचक प्रत्यय जोडून तयार झाले आहे.

या तुलनेतून ओगाईंनी नेमके काय केले ते स्पष्ट होते. शब्द नवा घडवण्याऐवजी त्यांनी रूढ प्रत्यय गाळला. 'किची' किंवा 'जिरो' यांसारखा प्रत्यय असता तर ते नाव निःसंशय जपानी पुरुषाचे ठरले असते. प्रत्यय गळताच तेच नाव बर्लिनमध्येही ओळखीचे वाटावे असे झाले. त्याची किंमतही मोजावी लागली. 'तारो' हा प्रत्यय थोरला मुलगा सूचित करतो. ओगाईंच्या 'रिंतारो' या स्वतःच्या नावात तो आहे. थोरल्या मुलाच्या नावात मात्र नाही. उलट, जुन्या जपानीत 'ओतो' हा ध्वनी धाकट्या भावंडाचा वाचक आहे. डोळ्यांना वाघ, युरोपीय कानाला ओटो आणि जपानी कानाला धाकटा, असे हे तिहेरी नाव होय. त्याची दुर्मिळता या गुंतागुंतीत आहे.

तरीही या नावाचे वाचन नियमबाह्य नाही. 'ओ' आणि 'तो' हे त्या दोन चिन्हांचे चिनी परंपरेतून आलेले मान्य उच्चार आहेत. उरलेल्या चारही नावांची स्थिती हीच आहे. किराकिरा नावात 'चंद्र' हे चिन्ह लिहून त्याचा उच्चार 'लुना' करावा अशी अपेक्षा असते; तो उच्चार पालकांनी सांगितल्याखेरीज कोणालाही कळत नाही. 'ओतो' हे नाव मात्र ज्याला प्राचीन ग्रंथ ठाऊक आहेत, तो न विचारता वाचू शकतो आणि त्याचा अर्थही लावू शकतो. दोन्ही प्रकारच्या नावांत ध्वनी परदेशी असला, तरी एकात परंपरेचा आधार आहे आणि दुसऱ्यात परंपरेला बगल दिलेली आहे. हा भेद नजरेआड केल्यास ओगाईंच्या नामकरणाचे मर्म हरवते.

'माइहिमे' आणि नावाचा प्रश्न

ओगाईंची 'माइहिमे' (नर्तकी) ही कथा जानेवारी १८९० मध्ये प्रसिद्ध झाली. ओतो यांचा जन्म त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील. कथेचा नायक ओता तोयोतारो हा सरकारी खर्चाने बर्लिनला गेलेला अधिकारी आहे. त्याच्या नावातही 'तारो' आहे. एलिस या नर्तकीशी त्याचे संबंध जुळतात, ती गर्भवती राहते आणि शेवटी तो तिला मागे ठेवून मायदेशी परततो. जन्माला येणाऱ्या बाळासाठी एलिस कपडे तयार करते. त्याचे डोळे बापासारखे काळे असतील अशी आशा ती बाळगते आणि तोयोतारो त्याला परके नाव लावू देणार नाही, असा विश्वासही व्यक्त करते. कथा संपते तेव्हा ते बाळ जन्मलेले नाही आणि त्याला नावही नाही.

एलिस नावाची एक जर्मन तरुणी १८८८ साली ओगाईंच्या पाठोपाठ योकोहामाला आली होती आणि सुमारे महिनाभराने परत गेली, ही घटना प्रसिद्ध आहे. त्यामुळे कथेचा आणि मुलाच्या नावाचा थेट कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह होतो. तो टाळणे समीक्षेच्या दृष्टीने आवश्यक आहे. कथेतील मूल हे कल्पित आहे आणि ओतो हे जपानी विवाहातून जन्मलेले प्रत्यक्ष मूल होते. मात्र कार्यकारणभाव न मानताही एक गोष्ट म्हणता येते. दोन देशांच्या सीमेवरील मुलाला कोणते नाव मिळावे, हा प्रश्न ओगाईंच्या लेखनात जानेवारीत उपस्थित झाला आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्या घरात त्याला एक उत्तर मिळाले. टाकून दिलेल्या, विवाहबाह्य संबंधातून आलेल्या बाळाची छू देशातील कथा या नावाच्या मुळाशी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या उत्तराला गांभीर्य प्राप्त होते.

दुर्मिळतेची कारणे

हे नाव पुढे का रुजले नाही, याचे एक कारण त्यासाठी लागणारी ग्रंथसंपन्नता हे आहे. दुसरे कायद्याचे आहे. १९४६ साली १८५० चिन्हांची मर्यादित यादी जाहीर झाली आणि १९४८ पासून अमलात आलेल्या कुटुंबनोंदणी कायद्याने मुलांच्या नावांवर चिन्हांची मर्यादा घातली. 'ओतो' मधील दोन्ही चिन्हे त्या यादीबाहेर होती. १९५१ साली नावांसाठी आणखी ९२ चिन्हांना परवानगी मिळाली. त्यांत वाघाचे नेहमीचे चिन्ह आणि वर्षचक्रातील वाघाचे चिन्ह ही दोन्ही आहेत. छूच्या वाघाला मात्र तेव्हाही जागा मिळाली नाही. वाघ नावात राहिला, त्याची कथा गेली. मे २०२५ पासून नावाचा उच्चारही नोंदवहीत लिहिला जातो आणि तो सर्वमान्य असावा अशी अट आहे. कायद्याचा हा नवा निकष लावला तरी उच्चाराच्या बाबतीत 'ओतो' दोषी ठरण्याचे कारण दिसत नाही.

घराण्यात मात्र ही पद्धत पुढे चालली. मोरी ओतो (१८९०-१९६७) शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या एका मुलाचे नाव 'हान्सु' असे आहे. ऐकताना ते जर्मन 'हान्स' आहे. लिहिताना ते कन्फ्यूशियसचा शिष्य फान शू याचे नाव आहे. वडिलांची युक्ती मुलाला पूर्णपणे समजली होती, याचा याहून चांगला पुरावा देता येणार नाही.

निष्कर्ष

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ओगाई सम्राटांच्या मरणोत्तर नावांचा अभ्यास करीत होते. प्रत्येक नावाचा प्राचीन ग्रंथांतील आधार शोधणारे त्यांचे ते पुस्तक १९२१ साली छापले गेले. कालगणनेतील राजवटींच्या नावांचा अभ्यास अपुरा राहिला. नावाला आधार हवा, हा त्यांचा आग्रह राजवाड्यापासून पाळण्यापर्यंत एकच होता. म्हणून त्यांना किराकिरा नावांचे जनक म्हणणे हे ध्वनीपुरते खरे आणि अर्थाच्या बाबतीत चुकीचे आहे.

जुलै १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी सांगितलेल्या इच्छापत्रात त्यांनी सर्व मानसन्मान नाकारले, इवामी प्रांतातील मोरी रिंतारो म्हणून मरण्याची इच्छा व्यक्त केली आणि समाधीवर त्या नावाखेरीज एकही अक्षर नको असे बजावले. 'ओगाई' हे टोपणनावही तेथे नाही. जर्मनांना उच्चारता न येणारे, थोरल्या मुलाचा 'तारो' मिरवणारे, एका प्रांतापुरते मूळ नाव त्यांनी स्वतःसाठी राखले. मुलांना त्यांनी जगभर चालतील अशी नावे दिली खरी; पण परक्या देशात उच्चारता येणारे नावही आपल्या ग्रंथांत वाचता आले पाहिजे, ही अट त्यांनी कधी सोडली नाही. 'ओतो' हे दोन अक्षरी नाव त्या अटीची साक्ष देते.